जाहिरातींतून बोलपटाकडे

जाहिरातींचे चित्रपट करणारा दिग्दर्शक मोठ्या बोलपटाकडे वळला, कीं जाणते लोक हटकून एकच शंका काढतात: अर्ध्या मिनिटांत गोष्ट उरकण्याची सवय जडलेल्या माणसाला दोन तासांचा पल्ला झेपणार कसा? पुण्यांत वाढलेल्या श्रीमती गौरी शिंदे यांनीं कैक वर्षें जाहिराती केल्यावर २०१२ सालीं ‘इंग्लिश विंग्लिश’ हा आपला पहिला बोलपट पडद्यावर आणला, तेव्हांही हा प्रश्न होताच.

आमच्या मतें अडचण लांबीची नव्हेच. जाहिरातीला गृहिणी लागते ती गिऱ्हाईक म्हणून. तिच्या हातीं मसाल्याची पुडी दिली, मुलांनीं बोटें चाटलीं, पतिराज हंसले, कीं तिचें काम संपलें. तिच्या मनांत काय आहे हें विचारण्याचें कोणाला कारणच नसतें. शिंदेबाईंनीं नेमकी तीच बाई घेतली, आणि पुडी बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलें.

या बोलपटांतील शशी लाडू करून विकते. लाडवांची कीर्ति आहे. परंतु इंग्रजी येत नाहीं म्हणून घरांत तिची थट्टा होते, आणि आई शाळेंत आली कीं पोटच्या मुलीला लाज वाटते. लाडू करण्यासाठींच हिचा जन्म, असें नवरा चारचौघांत सांगतो, तेंही कौतुकानें! (यजमानमंडळींनीं येथें जरा थांबावें.) भाचीच्या लग्नासाठीं न्यूयॉर्कला गेली असतां शशी घरच्यांना न कळवितां चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गांत नांव घालते. ही भूमिका करून श्रीदेवी पंधरा वर्षांनीं पडद्यावर परतल्या.

जाहिरातीची तालीम वायां गेली असें मात्र नव्हे. प्रारंभीं शशी सकाळीं वर्तमानपत्र घेऊन बसते न बसते, तोंच तिला उठावें लागतें. तेवढ्यानें सारें घर समजतें. भाषणाची गरज उरत नाहीं.

कथा हवेंतून आलेली नाहीं. शिंदेबाईंच्या मातोश्री पुण्यांत घरींच लोणच्यांचा व्यवसाय करीत. त्यांना इंग्रजी नीट येत नसे, आणि लहानपणीं आपल्याला त्याचा संकोच वाटे, हें कन्येनें उघडपणें सांगितलें आहे. आईची क्षमा मागण्यासाठीं हा बोलपट केला, असेंही त्या म्हणाल्या आहेत.

आमच्या घरीं तो सर्वांनीं एकत्र पाहिला. संपल्यावर धाकट्या पुतणीनें विचारलें, “आजी, तुलाही इंग्रजी शिकावेंसें वाटलें होतें का ग?”

“आतां विचारतेस होय!” आजी म्हणाली, आणि पानें घ्यावयास उठली.