आपली बॅच म्हणजे नेमकं कोण?

परवा रात्री अकराच्या सुमारास आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फोटो पडला. दहावीच्या निरोप समारंभाचा, फेब्रुवारी 2020 मधला. मुली आईच्या साड्यांमध्ये, आम्ही पोरं कुणाच्या तरी उसन्या ब्लेझरमध्ये, मध्ये खुर्च्यांवर सर आणि मॅडम. खाली लिहिलेलं, 'अख्खी बॅच, एकाच फ्रेममध्ये.' एरवी 'हॅपी बर्थडे भावा'च्या पलीकडे न जाणारा ग्रुप दहा मिनिटांत पेटला. चिंचावाली आजी, पाच रुपयांचा पेप्सीकोला, गॅदरिंगला 'झिंगाट'वर नाचताना तुटलेलं स्टेज, इंग्रजीच्या तासाला खिडकीतून पळालेले दोघं. तुमच्याही ग्रुपवर हे असंच होत असणार. नावं बदलायची, बाकी आठवणी सेम.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. एक एसटी स्टँड, एक थेटर (बंद), दोन-तीन शाळा आणि आठवडी बाजार. आमची बॅच तशी ऐतिहासिक म्हणायची. 23 मार्च 2020 ला आमचा भूगोलाचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला, आणि बाकीच्या पेपरांची सरासरी काढून आम्हाला मार्क दिले. भूगोलात मला जे मार्क आहेत ते मी नकाशात एकही नदी न दाखवता मिळवलेत. पण त्यामुळे एक गोष्ट राहून गेली. शेवटचा पेपर सुटल्यावर शर्टावर शाई उडवायची असते, पाठीवर सह्या करायच्या असतात, उगाच गेटवर तासभर रेंगाळायचं असतं. ते आमचं झालंच नाही. बहुतेक म्हणूनच आम्ही जरा जास्तच हळवे आहोत. आता पाच वर्षं झाली म्हणून गेट-टुगेदरचं ठरतंय. दिवाळीनंतरचा रविवार, नगर रोडवरचं एक रिसॉर्ट, माणशी बाराशे रुपये आणि 'बॅच 2020' छापलेला टी-शर्ट.

मीही त्या फोटोवर बदाम टाकला. मग झोप येईना म्हणून फोटो मोठा करून डोकी मोजली. एक्केचाळीस.

मी आठवीत मॉनिटर होतो. हजेरीचं मस्टर मीच स्टाफरूममधून आणायचो, त्यामुळे आकडा पाठ आहे. आठवी ब, पट अठ्ठावन्न. आजारी होते, लग्नाला गेले होते असे दोन-चार सोडा. बाकीचे कुठे गेले? 'अख्खी बॅच' म्हणताना आम्हा कुणालाच ते आठवले नाहीत. मलाही नाही. आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच ती, आमच्या ग्रुपचा डीपी आहे कबड्डीच्या टीमचा. आठवीत आम्ही तालुक्यात पहिले आलो होतो, तेव्हाचा. त्यात मधोमध ढाल धरून उभा आहे तो आमचा कॅप्टन. गेली पाच वर्षं त्याचा चेहरा ग्रुपच्या कपाळावर आहे आणि तो स्वतः ग्रुपमध्ये नाही.

कॅप्टन माझ्या बाकावर बसायचा. म्हणजे दसऱ्यापर्यंत बसायचा. आमच्या भागात ज्यांचं कोण नाही ऊसतोडीला, अशी घरं शोधावी लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये संसार भरून सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटक गाठायचं. पोरं मागं राहावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहं असतात, कुणाची आजी असते. ज्यांचं काहीच जमत नाही ती पोरं ट्रकमध्येच बसतात. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्ग मोठा वाटायचा, कारण मागचे बाक रिकामे असायचे. आम्हाला ते बरंच वाटायचं, ऐसपैस बसायला मिळायचं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटायचं.

आठवीपर्यंत कॅप्टन आजीजवळ राहिला. 2018 मध्ये आम्ही नववीत गेलो. त्या वर्षी पाऊस नव्हता, दुष्काळ जाहीर झालेला. त्याच्या आईच्या कमरेनं घेतलं आणि कोयता अर्धा झाला. अर्ध्या कोयत्याला मजुरीही अर्धी, उचल मात्र पूर्ण घेतलेली. मग दुसऱ्या अर्ध्याच्या जागी कॅप्टन गेला. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा हाताला चिरा, गालाला उसाच्या पाचटानं ओरखडे, आणि परीक्षा चार दिवसांवर.

आमच्या वेळी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, शिक्षण हक्क कायद्यानुसार. मग जे काही व्हायचं ते नववीत. शाळेच्या गेटवर दर जूनमध्ये दहावीच्या निकालाचा फ्लेक्स लागतो, वर लिहिलेलं असतं 'यशाची परंपरा'. ती परंपरा टिकवायची तर दहावीला बसणारी पोरं आधीच निवडून घ्यावी लागतात. नववीला चाळण लागते ती अशी. कॅप्टनच्या वडिलांना ऑफिसात बोलावून सांगितलं गेलं, पोरगा दहावीला झेपणार नाही, पुढं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. वडील हो म्हणाले. ते सरांना नाही कधीच म्हणाले नसतील. फॉर्म काही भरला गेला नाही.

आता पुढचं ऐका. 2020 मध्ये कोरोनामुळे नववीची परीक्षाच झाली नाही, सगळी पोरं वर गेली. 2021 मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा निकाल 99.95 टक्के. म्हणजे ज्या पोराला 'दहावीचा पेपर झेपणार नाही' म्हणून बाजूला काढलं, तो शाळेत नुसता नाव लावून टिकला असता तर त्याच्या वर्षी कुणीच पेपर दिला नसता. आणि आम्ही, झेपणारे, भूगोल न देता पास झालो. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पण आम्ही हुशार म्हणून फोटोत आहोत आणि तो ढ म्हणून नाही, असं जे आमच्या डोक्यात पक्कं बसलंय ना, त्याचा पाया इतकाच आहे.

आणि मुली. नापास झाल्या नाहीत तरी गळाल्या. फोटोत पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी, गणितात पैकीच्या पैकी घेणारी. लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत लग्न उरकतं, खर्च वाचतो, म्हणून त्याच वर्षी तिचं उरकलं. सोळाव्या वर्षी. ग्रुपवर तिचा नंबर होता, पण तो तिच्या नवऱ्याचा निघाला. रात्री कुणीतरी फालतू जोक टाकला, पलीकडून 'कोण बोलतंय?' असा मेसेज आला, आणि ऍडमिननं घाबरून नंबर काढून टाकला. आम्ही त्यावर हसलो होतो. 'जावई रिमूव्ह्ड'.

मागच्या मे महिन्यात यात्रेला गावी गेलो होतो. रसवंतीवर कुणीतरी मागून हाक मारली, "मॉनिटर!" मला या नावानं पाच-सहा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. कॅप्टन. बरोबर बायको, कडेवर पोरगं. रसाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. आम्ही अर्धा तास बोललो आणि मला कळलं की शाळा त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवते. कोण कुठं बसायचं, कुणाचा डबा कसा असायचा, खिचडी वाढणाऱ्या मावशी कुणाला दोन पळ्या वाढायच्या. मला दहावीचं वर्ष, क्लास, '21 अपेक्षित', टेन्शन असलं काय काय मध्ये येतं. त्याच्याकडं शाळा आठवीपर्यंतच आहे, पण ती अख्खी आहे.

निघताना म्हणाला, "ग्रुप हाय म्हणं आपला?"

मी म्हणालो, "हाय, पण सगळे झोपलेलेच असतेत त्याच्यावर."

तो हसला. परत विचारलं नाही. मी नंबर घेतला आणि ऍड केलं नाही. कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही. सगळे काय म्हणतील, त्यालाच अवघड होईल, प्लेसमेंटच्या गप्पांत तो काय बोलेल. ही सगळी काळजी मी त्याच्या नावानं करत होतो. खरं तर अवघड मला झालं असतं.

तर माझं म्हणणं साधं आहे. दहावीचं वर्ष ही बोर्डाची बॅच झाली, हॉलतिकिटाची. आपली बॅच म्हणजे जे आपल्याबरोबर बाकावर बसले ते. पाचवीत बसले आणि सातवीत गेले तरी. हे ग्रुपवर मांडलं तेव्हा पहिला आक्षेप आला की मग काय अंगणवाडीपासून सगळ्यांना बोलवायचं का? भाऊ, तुला ज्यांची नावं आठवतात त्यांना तरी बोलव. ज्याच्या जिवावर कबड्डीची ढाल मिरवतोस त्याला बोलव. दुसरा आक्षेप, त्यांना ऑकवर्ड होईल. होईल ना, रिसॉर्टला आणि बाराशे रुपयांना होईलच. बाराशेत त्यांचं काय काय होतं हे आपल्याला माहीत नाही असं नाही. शाळेचं ग्राउंड फुकट आहे. मावशींना सांगितलं तर त्या खिचडी करतील, त्यांना चार पैसे देऊ. आणि बोलावताना 'बिचारे' म्हणून बोलवायचं असेल तर नका बोलवू. कॅप्टनला आपली दया नको, फार तर एक मॅच हवी असेल.

खरा वांधा तारखेचा आहे. दिवाळीनंतरचा रविवार आपल्याला सोयीचा, पुण्याहून, संभाजीनगरहून सगळे घरी आलेले असतात. पण त्याच सुमाराला गावातून ट्रक निघतात. म्हणजे आपण गावी पोचतो तेव्हा निम्मी बॅच गाव सोडत असते. इतकी वर्षं हे आपल्या डोळ्यांसमोर होतं, आणि तारीख काढताना एकालाही आठवलं नाही. मे महिन्यात सगळे असतात. कारखाने बंद, यात्रा, लग्नसराई, मुली माहेरी आलेल्या. फक्त एक अडचण आहे, आपल्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षा तेव्हाच असतात. ही अडचण खोटी नाही, माझेही पेपर आहेत. पण एक दिवसासाठी रात्रीची एसटी पकडून जाऊन येणं आपल्याला जमू शकतं. त्याला उसाच्या फडातून निघून येणं जमत नाही, मुकादम सोडत नाही.

मुलींचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या नंबरवर त्या भेटत नाहीत. वर्गातल्या दोन मैत्रिणी म्हणाल्या, आम्ही घरी जाऊन सांगतो, तुम्ही पोरं यात पडू नका. बरोबर आहे त्यांचं.

काल ग्रुपवर पोल टाकलाय. दिवाळी एकोणीस, मे सात, बाकीचे नुसते बघून गेलेत. एकानं लिहिलंय, 'टी-शर्टची ऑर्डर दिली आहे, तारीख बदलली तरी ऍडव्हान्स परत मिळणार नाही.' चालेल. टी-शर्ट मेमध्येही घालता येतो.

पोल टाकायच्या आधी मी कॅप्टनला फोन केला होता. सगळं सांगितलं, ऍड का केलं नव्हतं तेही. तो म्हणाला, "ते र्‍हाऊ दी. मॅच हाय का?" म्हटलं आहे. "मग पट्टा पडला की येतोच." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं, हे मला गूगल न करता कळलं, एवढं तरी अजून शिल्लक आहे. रात्री त्याला ऍड केलं. सकाळी त्यानं तो निरोप समारंभाचा फोटो बघितलेला दिसतो. खाली त्याचा एकच मेसेज आहे: 'मागच्या रांगेत कडंला कोण हाय? ओळखू येईना.'

तो मी आहे.