शिंके कोणी टांगले?



'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. तिची वाक्यरचना पाहा. 'तुटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्यामुळे शिंके जणू आपोआप तुटते. ते कच्च्या दोरीने टांगणारा माणूस वाक्यात कोठेच नाही. नाव येते ते बोक्याचे. वन्य प्राण्यांविषयी आपण असेच बोलतो. 'वानरांनी गाडीतला खाऊ पळवला' असे सांगतो. काच उघडी ठेवून खाऊ आत कोणी ठेवला, हे सांगत नाही. माझ्या मते या प्रश्नाचा विचार त्या अनुल्लेखित कर्त्यापासून सुरू झाला पाहिजे.

आपल्यापैकी अनेक जण नांदेड-लातूरकडून माहूरला जातात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेला रेणुकादेवीचा गड आणि दत्तशिखर ही स्थाने किनवट-माहूरच्या वनप्रदेशात आहेत. पैनगंगा अभयारण्यही जवळच आहे. गाडी थांबली की वानरे जवळ येतात. दुचाकीच्या हँडलला अडकवलेली पिशवी, सीटवरचा प्रसाद, फेकलेला केळीचा साल ही त्यांच्यासाठी आमंत्रणेच होत. याच वनपट्ट्यात अस्वलाचाही वावर आहे.

आपल्याकडचे अस्वल अजून गाड्या फोडत नाही. परंतु अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे 1998 मध्ये अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. वासाच्या मागावर अस्वले गाड्यांचे दरवाजे वाकवीत असत. त्यानंतर तेथील प्रशासनाने प्रबोधनावर आणि नियमांच्या अंमलबजावणीवर भर दिला. अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवण्यास तेथे मनाई आहे. ते लोखंडी पेट्यांत कुलूपबंद करावे लागते. घटनांची संख्या त्यामुळे बरीच घटली. अस्वलाचा स्वभाव बदलला नव्हता. बदलले होते ते माणसाचे वर्तन. राजस्थानातील माउंट अबू येथे तर आपल्याच जातीची अस्वले उष्ट्या-खरकट्याच्या ढिगांवर येऊ लागली आहेत. तेव्हा हा धोका परदेशापुरता नाही.

आपले अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरे आणि मोहफुले खाऊन जगते. मोहफुले वेचण्यासाठी किनवट-माहूरकडील आदिवासी स्त्री-पुरुषही पहाटे रानात जातात. ही गाठ मुळातच धोक्याची असते. त्यात खरकट्याला सोकावलेले अस्वल वस्तीजवळ येऊ लागले, तर माणसाविषयीची त्याची भीती ओसरते. आपण दर्शन घेऊन संध्याकाळी घरी परततो. त्या सवयीची किंमत तेथे राहणाऱ्याला मोजावी लागते. पुढे बंदोबस्ताची मागणी होते आणि प्राण्यालाही ती भोवते.

'मुक्या जिवाला चार घास घालणे हे पुण्य नव्हे काय?' असे कोणी विचारील. भूतदयेची आपली परंपरा थोर आहे, हे मला मान्य आहे. परंतु वानराचे जठर झाडपाला पचविण्यासाठी घडलेले आहे. बिस्किटे आणि पेढे त्याला अपायकारक ठरतात. ज्या दानाने घेणाऱ्याचे आरोग्य बिघडते, त्याला दया म्हणता येणार नाही. झाकणाच्या कचराकुंड्या पुरविणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहेच. मात्र त्या नाहीत म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

म्हणून एवढे अवश्य करावे. खाद्यपदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. गाडीच्या काचा पूर्ण बंद कराव्यात आणि पिशव्या नजरेस पडणार नाहीत अशा ठेवाव्यात. दुचाकीवर काहीही अडकवून जाऊ नये. उष्टे, साली, नारळाची शकले परत घरी आणावीत. जंगलाजवळ मुक्काम असेल, तर रात्री गाडीत किंवा अंगणात अन्न ठेवू नये. बंद खोलीत ठेवावे.

मांजरापासून दूध राखण्यासाठी आपल्या आजीने शिंके उंच आणि पक्के टांगले होते. तिने मांजराला दोष देत बसण्यापेक्षा दोरी तपासणे पसंत केले. रानाच्या वाटेवर आपणही तेच करणे उचित होय.