शांततेसाठी मागे कुणी उभे राहायचे?

तीन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून विद्यार्थ्यांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. विषय होता शांतता, संघर्ष आणि सामाजिक अन्याय. प्राध्यापक नकोत, पुढारी नकोत, सगळे मुलामुलींनीच चालवायचे, असे ठरले होते. पहिल्या दिवशी मी एक खेळ घेतला. सगळ्यांना एका रेषेत उभे केले. ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांनी एक पाऊल पुढे. ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे त्यांनी एक पाऊल पुढे. भाड्याची खोली शोधताना ज्यांना आडनाव विचारले गेले त्यांनी एक पाऊल मागे. दहाबारा प्रश्नांनंतर एक मुलगी एकटीच भिंतीपाशी उरली. पुढचे सगळे वळून तिच्याकडे पाहू लागले. दोघातिघांचे डोळे भरून आले. खेळ चांगला झाला म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. पुढे कधीतरी भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "दादा, त्यांना कळावं म्हणून मीच का मागं उभं राहायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्याला अन्याय माहीत आहे त्यालाच पुन्हा तो उघड्यावर सोसायला लावायचा आणि ज्याला माहीत नाही त्याने दोन अश्रू ढाळून मोकळे व्हायचे, ही कसली कार्यशाळा? ती मुलगी शिकायला आली होती. आम्ही तिलाच धडा करून टाकले.

मित्रांनो, ही चूक माझ्या एकट्याची नाही. आज कॉलेजाकॉलेजांतून शांतता आणि सलोख्याच्या कार्यशाळा होतात. त्यांच्या मुळाशी एक समजूत असते की संघर्ष हा गैरसमजातून होतो. माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून भांडतात, ती एकत्र बसली, एकत्र जेवली की प्रश्न मिटतो. जात मात्र गैरसमजातून आलेली नाही. पाणी कुणाचे, जमीन कुणाची, देऊळ कुणाचे, शिक्षण कुणाचे, याची ती पक्की वाटणी आहे. ज्याला वाटणीत जास्त मिळाले त्याला ती शांतता वाटते. ज्याचा वाटाच गेला त्याने तोंड उघडले की त्याला संघर्ष म्हणतात.

महाडचेच पाहा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे महाडमध्ये या तळ्यावरून काही गडबड झाली नाही. का? कारण ठराव कागदावर होता आणि तळ्यावर कुणी जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे ओंजळभर पाणी प्यायली, आणि त्याच दिवशी सवर्णांनी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवल्या. मग शांतता कुणी मोडली? पाणी पिणाऱ्यांनी की मारणाऱ्यांनी? त्या दिवशी आपल्या बाजूला पलटणीत राहिलेली माणसे होती, उलट मार देण्याची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण हक्क सोडला नाही. तळ्याचा दावा १९३७ पर्यंत लढवला आणि उच्च न्यायालयात जिंकला. हात आवरणे वेगळे आणि मागणी आवरणे वेगळे. आपल्या कार्यशाळेत हा फरक शिकवला जातो का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहणे हे नाही. कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद. संघाने युद्धाचा ठराव आणला तेव्हा सिद्धार्थ विरोधात उभा राहिला. आधी चौकशी करा, दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी घ्या, त्यांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असे त्याने सुचवले. ठराव फेटाळला गेला. त्याने युद्धात उतरायला नकार दिला आणि परिव्रज्या पत्करली. पुढे दोन्ही गणांत समेट झाला. आता परत फिरायला हरकत नव्हती. तरी तो फिरला नाही. कारण राजाराजांमधली युद्धे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांतला संघर्ष कायम चालू असतो आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे, हे त्याला उमगले होते. शांततेचा याहून मोठा पाठ कुठला? सिद्धार्थ भांडण मिटल्यावर थांबला नाही, भांडणाच्या मुळाशी गेला.

म्हणूनच 'समता' आणि 'समरसता' या दोन शब्दांत आपण घोळ करता कामा नये. समरसता म्हणते, तू आहेस तिथेच राहा, आपण गोडीने राहू. समता म्हणते, आधी जागा बदलू. आपल्या कार्यशाळेचा शेवट हातात हात धरून फोटो काढण्यात होत असेल तर फलकावर बाबासाहेब असले तरी आत समरसताच चालू आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, मग कार्यशाळा हवीच कशाला, रस्त्यावर उतरा. मला हे पटत नाही. महाडला १९ मार्चला परिषद भरली, भाषणे झाली, ठराव झाले, आणि २० मार्चला माणसे तळ्याकडे निघाली. पहिला दिवस नसता तर दुसरा उगवला नसता. पण पहिल्या दिवसावरच थांबलो असतो तर आज महाड कुणाच्या लक्षात राहिले असते?

तेव्हा कार्यशाळा घ्या, पण ती खोलीबाहेर नेणारी घ्या. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली. त्याच वर्षी दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि कॅम्पसवरचा जातिभेद रोखणारे नियम खरोखर राबवा, अशी मागणी केली. यूजीसीचे नियम तर २०१२ पासून होते. समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, तक्रारीचा ठरलेल्या मुदतीत निकाल लागावा, असे त्यात लिहिलेले होते. म्हणजे पुन्हा महाडचीच गोष्ट, ठराव आहे आणि तळे बंद आहे.

तुमच्या पुढच्या कार्यशाळेत मुलांना रेषेवर उभे करू नका. कॉलेजला रेषेवर उभे करा. कक्ष आहे का? अधिकाऱ्याचे नाव फलकावर आहे का? गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या? महाडीबीटीची शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कुणाचा दाखला, कुणाचा निकाल अडवला आहे का? गटागटाने जा, विचारा, गरज पडली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दुसऱ्या दिवशी सगळे कागद मांडून बसा. मग कुणाला स्वतःची जखम उघडी करावी लागत नाही, व्यवस्थेची करावी लागते. ज्याला आपला अनुभव सांगायचा आहे तो सांगेल, पण स्वतःच्या इच्छेने. सवर्ण घरातून आलेल्या मित्रांनाही रडण्यापेक्षा बरे काम मिळेल.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू. आपल्या शिबिरांत तीन-तीन तास भाषण कोण करतो आणि चहा कोण आणतो? मुलींचे नाव आभार मानताना येते की विषय मांडताना? आपल्यातल्याच पोटजातींचे प्रश्न आले की 'आता नको, फूट पडेल' असे आपणही म्हणतो ना? वातावरण बिघडेल म्हणून जात काढू नका, असे म्हणणाऱ्या प्राचार्यांत आणि आपल्यात मग काय फरक उरला?

त्या मुलीला मी परत बोलावले तेव्हा तिने अट घातली होती. प्रश्न ती विचारणार आणि उत्तर कॉलेज देणार. पुढची कार्यशाळा तिनेच चालवली. मी मागे भिंतीपाशी बसून लिहून घेत होतो.

जयभीम.