वर्धापनदिनी कोणती गाणी गावीत?

अमेरिकेतील लहान शहरे आपल्या स्थापनेची शताब्दी वा दीडशताब्दी मोठ्या हौसेने साजरी करतात. मिरवणूक निघते, बागेत बॅण्ड वाजतो आणि लोकप्रिय गीतांतून राष्ट्राचा इतिहास उलगडणारा कार्यक्रम होतो. स्टीफन फॉस्टरपासून प्रारंभ, मग यादवी युद्धातील गीते, पहिल्या महायुद्धासाठी जॉर्ज कोहान यांचे १९१७ चे ‘ओव्हर देअर’ आणि समारोपाला अर्व्हिंग बर्लिन यांचे ‘गॉड ब्लेस अमेरिका’, असा क्रम सहज लागतो. इतिहास सांगण्याची ही रीत आम्हांस मनापासून पसंत आहे. सनावळ्या विसरल्या जातात, गाणे ओठांवर राहते. प्रश्न एवढाच की, या गाण्यांची निवड कोण करतो?

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स हे कापडगिरण्यांचे शहर या संदर्भात पाहण्याजोगे आहे. जानेवारी १९१२ मध्ये स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास कायद्याने आठवड्याला ५६ वरून ५४ झाले, आणि मालकांनी तेवढ्याच प्रमाणात मजुरी कापली. वीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन अशी ही परस्परांची भाषा न जाणणारी माणसे. त्यांना जोडले ते गाण्याने. ‘इंटरनॅशनल’ची चाल एक आणि शब्द ज्याच्या त्याच्या भाषेतले! गाणारा संप आपण प्रथमच पाहिला, अशी नोंद रे स्टॅनर्ड बेकर या पत्रकाराने केली आहे. मार्चमध्ये मजुरीवाढ पदरात पडली. (या संपाला पुढे ‘भाकरी आणि गुलाब’ हे नाव चिकटले, ओपेनहाइम यांची ती कविता मात्र संपापूर्वीच, डिसेंबर १९११ मध्ये प्रसिद्ध झाली होती. दंतकथांचा मोह डाव्यांनाही आवरत नाही.)

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरातील प्रतिष्ठितांनी ‘ईश्वर आणि देश’ या घोषणेखाली प्रचंड मिरवणूक काढली. आणि १९६२ मध्ये लॉरेन्सने सुवर्णमहोत्सव साजरा केला तो या मिरवणुकीचा, संपाचा नव्हे. कमेला टिओली या बालकामगार मुलीचे केस गिरणीच्या यंत्रात अडकून डोक्याची कातडी सोलली गेली होती. १९१२ मध्ये वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे तिने साक्ष दिली. पुढे तिची कन्या रोज आईचे केस विंचरून ती टक्कल पडलेली जागा झाकीत असे. परंतु त्या साक्षीची हकिकत तिला १९७० च्या दशकात एका पत्रकाराकडून कळली, आई वारल्यानंतर! स्वतःच्या घरातून इतिहास पुसला जावा, एवढी ती दहशत होती. ‘भाकरी आणि गुलाब’ महोत्सव लॉरेन्समध्ये भरू लागला तो १९८० च्या दशकात.

लोकप्रिय गीत म्हणजे बाजारू माल, त्याच्याशी आपला काय संबंध, असे काही साथी म्हणतील. हे आम्हांस मान्य नाही. महामंदीत, १९३२ मध्ये, यिप हारबर्ग यांनी बेकार झालेल्या श्रमिकाचे गाणे लिहिले ते न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीसाठीच, आणि बिंग क्रॉसबींच्या आवाजात ते देशभर पोहोचले. आपल्या शिबिरांतून गायिले जाणारे ‘हम होंगे कामयाब’ हेही ज्या गीताचे रूपांतर आहे, ते १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील कृष्णवर्णीय संपकरी स्त्रियांनी गायिले होते.

वुडी गथ्री यांनी १९४० मध्ये ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिले ते बर्लिन यांच्या गीतातील आत्मसंतुष्टतेला उत्तर म्हणून. शाळांतून ते गायिले जाते. मात्र खासगी मालकीची पाटी आणि मदतकचेरीपुढील भुकेल्यांची रांग यांवरील कडवी गाळून. जानेवारी २००९ मध्ये, ओबामांच्या शपथविधीपूर्वी, लिंकन स्मारकापुढे वृद्ध पीट सीगर यांनी ती कडवी लाखोंच्या समुदायाकडून म्हणवून घेतली. नगराच्या वर्धापनदिनी बर्लिन यांचे गीत खुशाल गावे; त्याच्या मागोमाग गथ्रींचेही गावे, एकही कडवे न गाळता.