डफडं पाहिजे, पण डफडेवाल्याला मान नको?

मंडळी, यंदाच्या पोळ्याची गोष्ट. आमच्या सुलतानपुरात तोरणाखाली बैल उभे होते. झुली, बाशिंगं, सगळं नेहमीसारखं. एक म्हातारे बाबा झडती म्हणायला पुढं झाले. दोन ओळी झाल्या न झाल्या, तोच मागून डीजे दणकला. बैल बिथरले. बाबांनी तोरणाला हात जोडले अन् घरचा रस्ता धरला.

झडती म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी सांगतो. महादेवाचं नाव घेऊन सुरुवात करायची अन् मग कापसाचा भाव, सावकार, पुढारी, कोणालाच सोडायचं नाही. मी पत्रकार आहे, म्हणून म्हणतो, झडती म्हणजे गावाचा अग्रलेख. फरक एवढाच, की ती ऐकायला शांतता लागते. डीजेपुढं ती टिकत नाही.

आता लोक म्हणतात, "आपलं डफडं, आपली सनई परत आणा." आणा ना! पण आधी एक आठवा. डफडं वाजवणं ही कोणाची हौस नव्हती. मांग, महार समाजावर ते गावकीचं काम म्हणून लादलेलं होतं. वाजवणारा मिरवणुकीत सर्वांत पुढं अन् पंगतीत सर्वांत शेवटी. बाबासाहेबांच्या चळवळीत अन् १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी ते काम सोडलं. बरोबरच केलं. त्यांनी संगीत नाही सोडलं, लाचारी सोडली. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गेली, ती याच माणसांच्या गळ्यातून. तीही आपल्या मातीचीच ओळख आहे, हे किती जण मान्य करतात?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या पॅडस्टो गावात १ मे रोजी गावकरीच ढोल गळ्यात घालून रस्त्यावर उतरतात. ढोल वाजवणं हाच मान. २०१४ साली ब्रिटिश सरकारनं कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पण सरकारी कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या लोकांनी आपलं गाणं स्वतः वाजवत ठेवलं होतं.

आपल्याकडं उलटं आहे. डीजेवाल्याला आगाऊ पैसे देतो अन् डफडेवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. वर पुन्हा संस्कृती बुडाली म्हणून गळा काढतो.

माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या पोळ्याला वर्गणीतून वाजवणाऱ्यांचं मानधन आधी ठरवा अन् ते हातात द्या, ओवाळणी म्हणून फेकू नका. जेवायला आपल्याच पंगतीत बसवा. ज्याला वाजवायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नको, अन् ज्याला शिकायचं आहे त्याला जात विचारू नका. पाटलाच्या पोराच्या गळ्यातही एकदा डफडं दिसू द्या! आणि अर्धा तास डीजे बंद ठेवून बाबांची झडती पूर्ण ऐका, मोबाईलवर रेकॉर्ड करा.

तुमच्या गावात झडत्या म्हणणारं कोणी उरलं आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मी कॅमेरा घेऊन येतो.