यीस्टचे वय आणि माणसाची घाई

पाव फुगवणारे यीस्टही म्हातारे होते. मातृपेशीला साधारण वीस-पंचवीस वेळा अंकुर फुटतात, मग ती थांबते आणि मरते. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये हे दाखवले. त्यानंतर कित्येक दशके मोजणीची रीत चिकाटीचीच राहिली. दर दीड-दोन तासांनी सुटणारी कन्यापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने बाजूला करायची, रात्री बशी फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी पुन्हा बसायचे. यातून आयुष्य मोजले जाई; आत काय बिघडत गेले, ते दिसत नसे.

ते दिसू लागले सूक्ष्मवाहिन्यांच्या चिपमुळे. केसापेक्षा अरुंद खाचेत मातृपेशी अडकून राहते आणि वाहता पोषक द्रव तिच्या लेकींना आपोआप पुढे नेतो. कॅमेरा मरेपर्यंत तिची छायाचित्रे टिपत असतो. याच सोयीमुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील नान हाओ, जेफ हेस्टी आणि सहकाऱ्यांना दिसले की, एकाच वंशाच्या, एकाच द्रवातल्या पेशीही दोन वेगळ्या वाटांनी म्हाताऱ्या होतात. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण निम्म्या पेशींत डीएनएची स्थिरता ढासळते, उरलेल्यांत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. नुसती सरासरी काढली असती, तर या दोन वाटा कधीच वेगळ्या दिसल्या नसत्या.

२०२३ मध्ये याच गटाने दोन्ही वाटांवरच्या नियंत्रक जनुकांची जोडणी बदलली. पेशी कुठल्याच वाटेवर कायमची न अडकता लंबकासारखी आळीपाळीने दोन्हीकडे झुकू लागली. आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढले.

आकडा खरा आहे, पण तो जनुके बदललेल्या एकपेशीय बुरशीचा आहे. तिचे आयुष्य मोजतात ते विभाजनांत. माणसाच्या हृदयाच्या, मेंदूच्या बहुतेक पेशी तर विभागतच नाहीत. या प्रयोगातले एक जनुक, सर-२, अशा घाईला पूर्वीही बळी पडले आहे. द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेरॅट्रॉल याच जनुकाच्या प्रथिनाला चेतवून यीस्टचे आयुष्य वाढवते, असे २००३ मध्ये जाहीर झाले. दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी तपासले, तेव्हा यीस्टचे आयुष्य वाढलेले आढळले नाही. रेस्व्हेरॅट्रॉलच्या गोळ्या मात्र आजही विकल्या जातात.