सामरीचं मुंडकं कुणाच्या पेटीत?

रामसे बंधूंच्या पिक्चरला नावं ठेवायची म्हटलं की शहाणे लोक आधी पैशावर घसरतात. रबरी मुखवटे, रंगाचं रक्त, धुराचे लोट, तोच तो वाडा. मला त्याचं काही वाटत नाही. गरिबी हा दोष नव्हे. सात भाऊ, लेखन, कॅमेरा, आवाज सगळं घरातच. मोठ्या बॅनरच्या दारात उभं न राहता १९७२ साली त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला आणि चालवूनही दाखवला. ही हिंमत मी मानतो.

माझं भांडण १९८४च्या 'पुराना मंदिर'शी आहे.

साधी गोष्ट आधी. त्याला मारामारीही हवी, भूतही हवं. पुनीत इस्सर ठोसे मारतो ('कुली'च्या शूटिंगला अमिताभला ज्याचा ठोसा लागला तोच हा), पण मारामारी एका खोलीत आणि भूत दुसऱ्या खोलीत. त्यात मधेच जगदीप 'शोले'ची नक्कल करत येतो. भीती जरा अंगावर चढली की हा उतरवतो. याला पैसा नाही, कात्री लागते.

पण खरी गोम दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारात आहे. राजा न्यायाला बसतो. सामरीच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला जातो, मुंडकं उडवलं जातं. मुंडकं पेटीत, धड देवळामागे. सामरीची वकिली मी करत नाही, पिक्चरनं त्याला नीचच दाखवलाय. पण पाढा वाचतंय कोण? १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो पाढाही वरूनच वाचला गेला होता. आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहून गेलेल्या अण्णाभाऊंची 'फकिरा' वाचा. तिथं पाढ्यातला माणूस बोलतो, त्याला आई असते, भूक असते. सामरीला शापापलीकडे काही दिलेलं नाही.

आणि चेहरा कुणाचा? अजय ऊर्फ अनिरुद्ध अग्रवाल. रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. धिप्पाड देह, राकट चेहरा. माणसाचं मूळ रूपच राक्षस म्हणून पडद्यावर टांगलं. पुढं १९९४च्या 'बँडिट क्वीन'मध्येही त्याच्या वाट्याला बाबू गुज्जरच आला. गोरागोमटा मोहनीश बहल हिरो, आणि नाक्यावर कामाची वाट बघत उभा असतो तसल्या अंगाचा माणूस म्हणजे सैतान! पुढच्या बाकावरची आपली पोरं शिट्ट्या मारतात त्या ठाकुराचं घराणं वाचावं म्हणून.

शापाचं गणितही बघा. राजाच्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. भांडण बाप्यांचं, मरायचं बाईनं. दोस्तांनो, आमच्याकडं बाळंतीण मरायला सामरी लागत नाही. रात्री रक्ताची बाटली मिळाली नाही की झालं. त्यावर असला पिक्चर निघत नाही, कारण तिथं त्रिशूळ घेऊन जाळायचं कुणाला?

आता कॅमेरा सगळ्यांच्या खिशात आलाय. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वस्त्यांतली पोरं मोबाइलवर भुताच्या फिल्मा काढतात. मध्यंतरी दोघा-तिघांनी मला त्यांची दाखवली. मारामारी झकास, रामसेंपेक्षा चपळ. भूत गटारातून वर येतं. अंगावर चिखल, कमरेला दोर. मी विचारलं, हा कोण रे? म्हणाले, भूत. म्हटलं, ते दिसतंय. त्याचं नाव काय? गटारात कशाला उतरला होता?

एकमेकांकडं बघायला लागले.